ढवळ्याशेजारचा पवळ्या : प्रथिनांच्या जाळ्यावरून काय कळतं आणि काय कळत नाही

आज नाशिकमध्ये बोलतो आहोत, तेव्हा सुरुवात द्राक्षाच्या बागेतूनच करू. विषय प्रथिनांचा आहे, संगणकाचा आहे, पण तो बागेतून जास्त सोपा दिसतो.

ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस लांबला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात एकच शब्द कानावर येतो : डावणी. कृषी खात्याच्या कागदावर तो केवडा. रोगकारक जीवाचं नाव प्लास्मोपारा व्हिटिकोला. फवारणी वेळेवर केली, प्रमाण बरोबर होतं, तरी पानाखालची पांढरी बुरशी काही हटली नाही, की बागायतदार म्हणतो, औषध बोगस निघालं. कधी ते खरंच बोगस असतं. पण कधी औषध अस्सल असतं आणि बदललेला असतो तो रोग. पुण्याजवळ मांजरीला जे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या बागांमधून नमुने गोळा करून २०१६ आणि २०१७ साली ‘प्लांट डिसीज’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं, म्हणजे अ‍ॅझोक्सीस्ट्रोबिन वगैरे, काही नमुन्यांवर चालेनाशी झाली होती. नंतर डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड यांच्या गटाबद्दलही तेच दिसलं.

आता यातलं मर्म बघा. स्ट्रोबिल्युरिन औषध जाऊन बसतं सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनाच्या एका खोबणीत. हे प्रथिन पेशीच्या श्वसनसाखळीतलं. खोबण अडली की इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत, ऊर्जा तयार होत नाही, रोगकारक मरतो. या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तिथे अ‍ॅलानिन आलं, की औषध बसायला जागाच उरत नाही. शेकडो अमिनो आम्लांच्या माळेत फक्त एक मणी बदलला, आणि हजारो रुपयांची फवारणी वाया गेली. दुकान बदललं, कंपनी बदलली, तरी गट तोच असेल तर उपयोग नाही, कारण खोबण तीच.

प्रथिन, प्रथिनाचा विशिष्ट भाग आणि पाथवे, या तिघांचं नातं इथे अगदी पक्कं आहे. त्याबद्दल कुणी वाद घालत नाही. पण गेली पंचवीस वर्षं अशी नाती जोडण्याचा आणखी एक मार्ग आला आहे, संगणकावर जाळं विणायचा. त्यातून निघालेलं नातं एवढंच पक्कं असतं का? आज आम्हाला बोलायचं आहे ते यावर. आणि हवेत बोलायला नको म्हणून आपल्याच देशातलं एक गाजलेलं काम समोर ठेवून बोलणार आहोत.

आधी डोमेन म्हणजे काय ते सांगू. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ. तिचे काही तुकडे स्वतंत्रपणे घडी घालून एक ठरावीक आकार घेतात आणि ठरावीक काम करतात. अशा तुकड्याला डोमेन म्हणायचं. तोच तुकडा थोड्याफार फरकाने अनेक प्रथिनांत सापडतो, अनेक जीवांत सापडतो. ‘पीफॅम’ सारख्या संग्रहांत अशा हजारो कुळांची नोंद आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार डोळ्यासमोर आणा. त्याच्या हातात तेरा नंबरचा पाना आहे. यावरून कळलं काय, तर हा नट आवळतो. पण कुठल्या खात्यात? पंपाच्या की गिअरबॉक्सच्या? ते पान्यावर लिहिलेलं नसतं. डोमेनचं तसंच आहे. माणसात प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारी कायनेज कुळातली ५१८ जनुकं २००२ साली मोजली गेली. डोमेन पाहून आपण सांगू शकतो की हे फॉस्फेट चिकटवणार. कुठल्या पाथवेमध्ये, कुणाच्या सांगण्यावरून, ते डोमेन सांगत नाही. आणि पीफॅममध्ये तर अशीही मोठी संख्या आहे जिथे पाना दिसतो पण तो कशासाठी घडवला हेच ठाऊक नाही. त्या कुळांचं नावच मुळी ‘अज्ञात कार्याचं डोमेन’.

मग खातं शोधायचं कसं? सोपी युक्ती : हा कामगार चहा कुणाबरोबर पितो ते बघायचं. पंपवाल्यांबरोबर रोज उठबस असेल तर बहुतेक पंपाच्या खात्यातला. आपल्याकडची म्हण यासाठी तयारच आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. प्रथिनांचं जाळं म्हणजे या म्हणीचं गणित आहे. प्रत्येक प्रथिन ही गाठ, आणि दोन प्रथिनांत काही संबंध दिसला की त्यांच्यात एक धागा. अनोळखी प्रथिनाचे शेजारी बघायचे, ते कुठल्या पाथवेमधले ते मोजायचं, आणि म्हणायचं की हेही तिथलंच.

यातल्या काही युक्त्या खरोखर सुंदर आहेत, हे आधी कबूल करू. १९९९ साली दोन गटांनी एकाच वेळी एक कल्पना मांडली. एका जीवात दोन वेगळी प्रथिनं असतात, आणि दुसऱ्या जीवात तीच दोन एकाच प्रथिनात दोन डोमेन म्हणून जोडलेली सापडतात. तर त्या दोघांचं काम एकमेकांशी निगडित असावं. ई. कोलाय जिवाणूत डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेजचे दोन वेगळे भाग आहेत. यीस्टमध्ये ते टोपोआयसोमरेज दोन या एकाच प्रथिनात सांधलेले दिसतात. यात कुणी कुणाबरोबर चहा प्यायला हे बघितलेलं नाही. उत्क्रांतीने स्वतः लावलेला सांधा वाचला आहे. पण याच लोकांना पहिल्याच दिवशी एक अडचण भेटली. काही डोमेन कुणाशीही जोडलेले सापडतात. त्यांना त्यांनी हिशेबातून वगळलं. ही अडचण लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आता ते गाजलेलं काम. क्षयरोगाच्या जंतूचा, मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिसचा, संपूर्ण जीनोम १९९८ साली वाचला गेला. चव्वेचाळीस लाखांहून अधिक अक्षरं, सुमारे चार हजार जनुकं. त्यानंतर दहा वर्षांनी, २००८ साली, आपल्या सीएसआयआरने ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा उपक्रम सुरू केला, आणि त्यातून ‘कनेक्ट टू डीकोड’ निघाला. देशभरातले विद्यार्थी इंटरनेटवर एकत्र आले, क्षयाच्या जंतूवरचे निबंध वाचले, आणि कुठल्या प्रथिनाचा कुणाशी संबंध आहे याच्या नोंदी केल्या. या सगळ्याचा निबंध २०१२ साली ‘प्लॉस वन’मध्ये आला. १,४३४ प्रथिनं आणि त्यांच्यातले २,५७५ संबंध. जीनोमच्या ८७ टक्के भागाला काही ना काही कार्याची नोंद. आणि शेवटी, जाळ्यातल्या मध्यवर्ती प्रथिनांतून औषधासाठी सुचवलेली १७ लक्ष्यं, त्यातली पाच आधीच प्रयोगाने सिद्ध झालेली. ही पाच म्हणजे आपल्या पद्धतीला मिळालेली पावती, असं लेखक म्हणतात.

या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. यंत्राने शब्द वेचून बनवलेल्या जाळ्यापेक्षा, माणसाने निबंध वाचून लिहिलेली नोंद केव्हाही बरी. गावोगावच्या कॉलेजातल्या मुलांना, ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, एका खऱ्या प्रश्नावर काम करायला मिळालं, ही लहान गोष्ट नाही. तरीही निबंध नीट वाचला की तीन जागी अडखळायला होतं.

पहिली जागा ८७ टक्क्यांची. १९९८च्या मूळ निबंधातच म्हटलं होतं की सुमारे ४० टक्के प्रथिनांचं नेमकं कार्य सांगता येतं आणि आणखी ४४ टक्क्यांबद्दल काही तरी माहिती किंवा साम्य सापडतं. दोन्ही मिळून ८४. मग ८७ म्हणजे पुढे गेलो किती? अर्थात दोन्ही आकडे एका मापाने मोजलेले नाहीत, त्यामुळे सरळ वजाबाकी करणं अन्यायाचं होईल. पण मुद्दा तोच आहे. ‘नोंद झाली’ या शब्दांत ‘याचा प्रयोग झालाय’ पासून ‘याचा चेहरा कुणासारखा तरी दिसतो’ पर्यंत सगळं मावतं. गावातल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली म्हणजे गाव ओळखीचं झालं असं नाही.

दुसरी जागा १,४३४ची. चार हजारांतली १,४३४, म्हणजे जेमतेम एकतृतीयांशाहून थोडी जास्त. बाकीची जाळ्यात का नाहीत? त्यांचे जंतूत कुणाशी संबंध नाहीत म्हणून नव्हे. त्यांच्यावर निबंध नाहीत म्हणून. हे जाळं जंतूचं आहे त्याहून अधिक ते जंतूवरच्या साहित्याचं आहे. ज्यावर पन्नास वर्षं काम झालं त्याला धागे भरपूर, ज्याच्याकडे कुणी बघितलंच नाही ते एकटं. मग हे जाळं ‘स्ट्रिंग’ या संग्रहाच्या जाळ्याशी जोडलं गेलं. स्ट्रिंग संबंधांना गुण देतं ते अनेक पुराव्यांवरून : जनुकांचा शेजार, डोमेनचा सांधा, प्रयोग, इतर संग्रह, आणि निबंधांत दोन नावं एकत्र येणं. यातले शेवटचे दोन पुन्हा त्याच साहित्यातून येतात. एकच साक्षीदार दोन वेगळ्या नावांनी कोर्टात उभा राहण्याची भीती इथे असते.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, सतरातल्या पाचांची. मध्यवर्ती प्रथिन म्हणजे ज्याच्यातून जास्त धागे जातात ते. धागे जास्त कुणाला? ज्याचा अभ्यास जास्त झाला त्याला. आणि प्रयोगाने सिद्ध झालेली लक्ष्यं कोणती? अर्थात ज्यांचा अभ्यास जास्त झाला ती! मग सतरात पाच ओळखीचे चेहरे निघाले यात पद्धतीचं यश किती आणि आपण फक्त प्रसिद्ध माणसांच्या यादीतून प्रसिद्ध माणसं काढली हे किती? एक साधी तुलना करता आली असती. जाळं बाजूला ठेवायचं, ज्यांच्यावर सर्वाधिक निबंध आहेत अशी सतरा प्रथिनं घ्यायची, आणि त्यात सिद्ध झालेली किती ते मोजायचं. तिथेही पाच-सहा निघाली, तर जाळ्याने काय केलं? कारखान्यात सर्वांत जास्त लोकांशी जोडलेला माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर येईल चहावाला. तो प्रत्येक खात्यात जातो. म्हणून तो प्रत्येक खात्याचा कामगार ठरत नाही. नव्याण्णव सालचे ते कुणाशीही जोडलेले डोमेन, ज्यांना वगळावं लागलं, ते हेच चहावाले.

हा काही आमचा एकट्याचा संशय नाही. जेसी गिलिस आणि पॉल पाव्हलिडिस यांनी व्हँकूव्हरमध्ये याच काळात दोन निबंध लिहिले. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की जनुकं किती वेगवेगळ्या कामांत नोंदली गेली आहेत या एकाच क्रमाने यादी केली, जाळं अजिबात न वापरता, तरी कार्याचे अंदाज बरेच ‘बरोबर’ येतात. २०१२च्या निबंधाचं शीर्षकच सांगतं की संगतीवरून गुण ठरवणं हा जनुकांच्या जाळ्यात नियम नसून अपवाद आहे. उंदराच्या दहा लाख धाग्यांच्या जाळ्यातले फक्त २३ धागे ठेवले तरी अंदाजांचा दर्जा बराचसा टिकला. म्हणजे बाकीचे लाखो धागे शोभेचे म्हणा ना. स्क्रीनवर तो रंगीत गोळा फिरताना दिसतो आणि आपण भारावतो, त्यातले बहुतेक धागे काहीच सांगत नसतात.

बरं, मग क्षयाच्या जंतूबाबत पुढे काय झालं? २०१२च्या निबंधाची सुरुवात अशी आहे की जीनोम वाचून दशक लोटलं तरी एकही आशादायक औषध बाहेर आलं नाही. निबंध जुलैत आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बेडाक्विलीनला मंजुरी मिळाली. भारतात ते २०१६पासून रुग्णांना मिळू लागलं, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी. हे सापडलं कसं? जाळ्यातून नाही. क्षयजंतूच्या निरुपद्रवी भावंडावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, एकामागून एक रसायनं टाकून बघितली. एकाने ते मरतात असं दिसलं. का मरतात ते ठाऊक नव्हतं. मग जे थोडे जंतू त्यातूनही जगले त्यांचा जीनोम वाचला. बदल सापडला एटीपी सिंथेज या यंत्राच्या सी उपघटकात. हे २००५ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं. म्हणजे बागेतल्या डावणीसारखंच! जो जंतू औषधाला पुरून उरला, त्यानेच औषध कुठे बसतं ते सांगितलं.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. जाळ्यावरून लक्ष्य निवडताना एक चाळणी हमखास लावतात : माणसाच्या प्रथिनांसारखी दिसणारी प्रथिनं गाळायची, म्हणजे औषधाचा त्रास होणार नाही. चाळणी समजण्यासारखी आहे. पण एटीपी सिंथेजचा सी उपघटक माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातही आहे, डोमेन एकाच कुळातलं, पाथवे तोच. चाळणी डोळे झाकून लावली असती तर हे लक्ष्य पहिल्याच फेरीत गळण्याचा धोका होता. प्रत्यक्षात बेडाक्विलीन जंतूचं यंत्र अडवतं आणि त्याच मात्रेला माणसाचं जवळपास अडवत नाही. फरक काही मोजक्या अमिनो आम्लांचा. डोमेनचं नाव लिहिलेल्या गाठीला हा फरक दिसूच शकत नाही.

आणि आता नाशिककरांसाठी खास. २०१३ साली क्षयासाठी आणखी एक रसायन पुढे आलं, क्यू२०३, आता त्याला टेलासेबेक म्हणतात. त्याचं लक्ष्यही पुरून उरलेल्या जंतूंनीच दाखवलं. ते लक्ष्य म्हणजे क्यूसीआरबी, श्वसनसाखळीतला सायटोक्रोम बी उपघटक! आपल्या द्राक्षाच्या डावणीवरची स्ट्रोबिल्युरिन ज्या कुळातल्या प्रथिनावर बसते, तेच कूळ, फुप्फुसातल्या जंतूत. पीफॅममध्ये दोन्ही एकाच छताखाली सापडतील, पाथवेच्या नकाशावर दोन्ही एकाच चौकटीत. तरी म्हणून कुणी क्षयाच्या रुग्णाला अ‍ॅझोक्सीस्ट्रोबिन देत नाही, की बागेत टेलासेबेक फवारत नाही.

मधल्या रांगेतून कुणी तरी विचारतंय, म्हणजे जाळी टाकूनच द्यायची का? नाही हो. आमची तक्रार जाळ्याशी नाही, जाळ्याला न्यायाधीश करण्याशी आहे. संशयित कोण हे ते सांगू शकतं. आणि संशयित शोधणं हे मोठं काम आहे. क्षयाच्या जंतूतलीच पीई आणि पीपीई नावाची प्रथिनं घ्या. सुरुवातीच्या टोकाला प्रोलिन-ग्लुटामिक आम्ल अशी खूण असलेलं ठरावीक डोमेन, जीनोमच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागाचा सुमारे दशांश यांनी व्यापलेला, हे १९९८मध्येच दिसलं होतं. डोमेन इतकं स्पष्ट, संख्या इतकी मोठी, आणि करतात काय ते दोन दशकं धड कुणाला सांगता येईना. २०२०मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधाने त्यातल्या काहींचा उलगडा केला : जंतूच्या बाहेरच्या आवरणातून ग्लुकोज, ग्लिसरॉल यांसारखं अन्न आत नेण्यात ती गुंतलेली आहेत. पुरावा कुठून आला? एका रसायनाला पुरून उरलेल्या जंतूंतून. त्यांच्यात पीपीई५१ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं होतं. पुन्हा तेच, तिसऱ्यांदा. पीई-पीपीईची बाकीची भावंडं कुठे काम करतात ते अजून शोधायचं आहे, आणि तिथे कुठल्यापासून सुरू करायचं हे ठरवायला जाळ्याची मदत जरूर घ्यावी.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने सांगायचं कारण आमच्या टेबलावर येणारे प्रबंध. पुणे असो, नाशिक असो, जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात ज्यांना प्रयोगशाळा मिळत नाही ते विद्यार्थी संगणकाकडे वळतात. कुठली तरी दोनशे जनुकांची यादी घ्यायची, स्ट्रिंगमध्ये टाकायची, गुणांची मर्यादा तिथे आधीपासून असलेली ०.४च ठेवायची, सायटोस्केपमध्ये गोळा रंगवायचा, जास्त धाग्यांची दहा प्रथिनं काढायची आणि लिहायचं : ही औषधाची संभाव्य लक्ष्यं. दोन आठवड्यांचं काम. आम्हीही असे प्रबंध मंजूर केलेत, ते इथे नाकारण्यात अर्थ नाही. मुलाला दोष देण्यापेक्षा आधी आम्ही त्याला हे विचारायला हवं होतं : मर्यादा ०.७ केली तर दहातली किती टिकतात? निबंधातल्या शब्दांवरून आलेले धागे काढले तर? तेवढ्याच धाग्यांचं, पण गाठी अदलाबदल केलेलं जाळं घेतलं तर हाच पाथवे वर येतो का? आणि तुझ्या दहांवर किती निबंध आहेत ते मोजलंस का? यातल्या कशालाही प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती आपलीच यादी मोडून बघायची तयारी.

उत्तरं आल्यावर दहातली दोनच उरली, तर प्रबंधात दोनच लिहावीत. आम्ही ती आठांपेक्षा जास्त आवडीने वाचू.

घड्याळाकडे बघतोय. समोर बरेच बागायतदार दिसताहेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ. मघाशी कुणी तरी चिठ्ठी पाठवली आहे : दोन वेगळ्या नावांची औषधं आलटून पालटून मारली तर चालेल का? बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते वाचा. दोन्हीकडे शेवटी ‘स्ट्रोबिन’ असेल तर तुम्ही एकच औषध दोनदा मारताय. डायमेथोमॉर्फनंतर मँडीप्रोपामिड मारलंत तरी तेच. नावं अगदी वेगळी, पण जगभर बुरशीनाशकांना जे गट क्रमांक दिलेत त्यात दोन्ही ४० क्रमांकाच्या गटात. स्ट्रोबिल्युरिनचा गट ११. तेव्हा दुकानात जाताना नाव नको, गट विचारा. पुढचा प्रश्न कुणाचा?